विहिरीत पाणी होतं

सरळच सांगतो. माझी आई ज्यात दिसते त्या सिनेमाला फ्रान्समध्ये राष्ट्रीय बक्षीस मिळालं, आणि त्या बक्षिसानं आमचा विहिरीचा अर्ज बुडवला. लोकांना हे सांगितलं की आधी हसतात. मग विचारतात, "बक्षीस मिळालं ना पण?" म्हणून एकदाचं लिहून टाकतो. पत्रकासारखं लिहायचं नाही असं ठरवलं आहे, पण हाताला सवय आहे. कुठे आवाज चढला तर चढू द्या.

आमचं गाव कामरगावला उतरून तासभर पायी. गावाच्या खालच्या अंगाला आमचा पुरा, वीस-पंचवीस घरांचा. मी आठेक वर्षांचा असताना साऱ्या पुऱ्यानं बुद्धाचा धम्म घेतला. देव नदीत सोडले, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, गावकीची कामं सोडली. एक गोष्ट सोडता आली नाही, कारण ती आमच्या हातात नव्हती. पाणी.

गावात पिण्याच्या पाण्याची विहीर एकच, आणि ती सरकारी. सरकारी म्हणजे कुणाच्या बापाची नाही. तरी आमच्या बायांनी तिच्या ओट्यावर पाय ठेवायचा नाही. खाली घागरी मांडून बसायचं. वरची एखादी बाई येणार, आपलं भरणार, आणि तिच्या मनात आलं तर आपली बकेट उंच धरून आमच्या घागरीत वरून ओतणार. बकेट घागरीला लागू द्यायची नाही. मनात नाही आलं तर पदर सावरून निघून जाणार. आई तांबडं फुटताना जायची; मी शाळेला निघालो तरी कधी कधी आलेली नसायची. आमच्या पुऱ्यात पाणी आणायला जाते असं कुणी म्हणतच नाही. "माय कुठं गेली?" "पान्यावर बसली." एवढंच.

माझे धाकटे काका एकदा ओट्यावर चढले होते. गावानं त्यांना हातही लावला नाही. नुसतं दोन हंगाम पुऱ्यातल्या एकाही माणसाला वावरात बोलावलं नाही. पुढे काका तापानं गेले, पण ते दोन हंगाम पुरा विसरला नाही. म्हणून मी कॉलेज करून आलो आणि "चला, ओट्यावर चढू" म्हणालो, तेव्हा एकही माणूस उठला नाही. "कायद्यानं कर काय करतं ते," बाप म्हणाला. मग मी कायद्यानं केलं. तहसीलदाराकडे अर्ज दिला, विहीर सर्वांना खुली करून द्या म्हणून. अर्जावर उत्तर आलं: पुरावा सादर करावा.

पुरावा! गावातला कोण माणूस येऊन सांगणार होता, की हो, आम्ही वरून ओततो? आणि आमच्या बायांची साक्ष म्हणजे हितसंबंधितांची साक्ष.

हे चालू असताना ते दोघं भेटले. बहात्तरच्या दुष्काळाचा पुढचा उन्हाळा होता. वाशीमच्या छापखान्यात छापून आणलेली पत्रकं मी कारंज्याच्या एसटी स्टँडवर वाटत होतो. एका गोऱ्या बाईनं पत्रक घेतलं आणि उभ्या उभ्या मोठ्यानं वाचायला लागली. अडखळत, पण वाचत होती. काशीत दोन वर्षं राहून ती हिंदी शिकली होती. सोबत एक लांब हातापायांचा दाढीवाला. तो कॅमेरावाला, दिग्दर्शक. ही आवाज टिपायची. दोघं मिळून वीस-पंचवीस मिनिटांचे खरेखुरे सिनेमे काढतात, माहितीपट. त्यांच्या देशात, फ्रान्समध्ये, अशा छोट्या माहितीपटांना आणि काढणाऱ्यांना सरकारी मानानं राष्ट्रीय बक्षिसं देतात, असं तिनंच सांगितलं.

माहितीपट म्हणजे आम्हाला काय माहीत? जत्रेतल्या तंबूत मुख्य सिनेमाआधी सरकारी चालायचा, धरणाचा नाही तर लसीचा. तेवढ्यात माणसं बिडी ओढून यायची. पण त्यातला तो जाड आवाज जे सांगेल ते खरं, याबद्दल कुणाला शंका नसायची. मला वाटलं, बस्स. हाच आपला पुरावा. बकेट उंच धरलेली, खाली घागर, मध्ये पाण्याची धार. एकदा ही धार फिल्मवर आली की तहसीलदार कुठे जाईल?

मी त्या बाईला सगळं सांगितलं. ती ऐकताना रडली. खोटं रडली नाही, हे आजही म्हणतो. "हम यही दिखाएँगे, भैया," ती म्हणाली.

दोन दिवसांनी सकाळी शूटिंग ठरलं. इथून पुढे जे झालं त्यात माझा हात आहे, तो लपवत नाही.

पुऱ्यातले गडी सगळे दूर मेडशीकडे दुष्काळी सडकेवर खडी फोडायला, तिकडेच मुक्कामाला. बाया जवळच्या बंधाऱ्यावर. मी त्यांना एका दिवसाची हजेरी बुडवायला लावली आणि सांगितलं, पांढरी लुगडी नेसून या. आमच्याकडे चौदा एप्रिलला, वैशाख पौर्णिमेला पांढरंच नेसतात. धम्माचा कपडा. फोटो निघायचा तर पांढऱ्यातच. फाटक्यात, मळक्यात आमच्या बाया जगाला दाखवायच्या? सपशेल नाही. दुष्काळाचे भिकारी म्हणून नव्हे, हक्क मागणारी माणसं म्हणून दिसू द्या. असा माझा विचार. आणि तेवढ्यावर थांबतो तर तो मी कसला? माझ्या पत्रकांत मी सतत लिहायचो, कुंकू आणि मंगळसूत्र या गुलामगिरीच्या खुणा आहेत. त्या दिवशी म्हटलं, हेही उतरवा.

आईनं हातातलं पीठ परातीत झटकलं.

"कुकू पुसू? काहून? तुह्या बापाले काय झालं?"

"बाले काही नाही झालं, माय. विचाराची गोष्ट आहे."

"कोनाच्या इचाराची? मह्या का तुह्या?"

"बाबासाहेबांच्या लेकी तुम्ही..."

"त्यायचं नाव नोको घेऊ मधात. तुह्या डोक्यातलं हाये ते. जित्ता नवरा अन् भुंडं कपाळ. लोक काय म्हनतीन?"

"कोण लोक? फ्रान्सचे? त्यांच्या बायकाही कुंकू नाही लावत."

यावर शेजारची म्हातारी म्हणाली, "लावू दे माय त्याले भाषन. पोट्टं शिकून बह्याड झालं." सगळ्या हसल्या. हसत हसतच एकेकीनं मणी काढून डब्यात ठेवले. आईनं सगळ्यांत शेवटी. ओल्या फडक्यानं पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "घे. झालं समाधान?"

धाकट्या काकूकडे पांढरं लुगडं नव्हतं. होतं ते एकच, हिरवं, विटकं. मी म्हटलं, काकू, तू आज बाजूला बस, फोटोत रंग वेगळा दिसेल. ती गुमान बाभळीखाली जाऊन बसली. अख्ख्या पुऱ्यात त्या वेळी विधवा अशी एकच बाई होती. माझी काकू.

आठ वाजता कॅमेरा तिपाईवर चढला. आमच्या बाया विहिरीच्या ओट्याखाली ओळीनं बसल्या, समोर रिकाम्या घागरी. आणि गावातली एकही बाई आली नाही.

एकही नाही. पोलीस पाटलानं आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं: सकाळी लवकर भरून घ्या, कॅमेरा असेपर्यंत विहिरीकडे कुणी फिरकायचं नाही. नऊ वाजले, दहा वाजले. ऊन डोक्यावर आलं. ओट्यावर एक कावळा येऊन गेला, तेवढीच हालचाल. मधे पाटील स्वतः आला, धोतराचा सोगा हातात धरून.

"काय गा नेता, पाव्हन्यायले चहा पाजला का? का तुमच्या घरचं चालत नाई त्यायले?"

मी म्हटलं, "तुमच्या बाया का येत नाहीत आज पाण्याला?"

"आता बायायले काय हुकूम कराव का आमी? सुधरलेला जमाना हाये." आणि बाईकडे वळून हिंदीत, "मेमसाब, पानी तो सबका है. कोई मना नहीं करता." म्हणून निघून गेला.

तरी दिग्दर्शक थांबला नाही. एकेका चेहऱ्याजवळ कॅमेरा नेऊन टिपत राहिला. त्या बाईनं माइक पुढे धरला, "माँजी, कुछ बोलिए." कुणी बोललं नाही. घोषणा मी पाठ करून घेतल्या होत्या, सगळ्या विसरल्या. मग मीच उभा राहिलो आणि एक अख्खं रीळ संपेपर्यंत बोललो. घटना, कलम, इतिहास, सगळं. बोलून झाल्यावर दिग्दर्शकानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, पटलं त्याला.

चार तास बसल्या बाया. मग उठल्या, रिकाम्या घागरी घेऊन. दिग्दर्शकानं निघताना ओट्यावर चढून विहिरीत वाकून पाहिलं. त्याला कुणी अडवलं नाही. खाली पाणी होतं. त्यानं मला बोटानं दाखवलंही. तो चढू शकत होता, मी नाही. हे त्याला तेव्हा दिसलं असेल का? त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली होती. काय कळून हलवली, कोण जाणे.

त्या बाईनं मला एकदाही विचारलं नाही, की या बायांच्या कपाळावर काही का नाही. मी सांगितलं नाही. तिला काशीच्या घाटावर जे दिसलं होतं त्यावरून ती समजून बसली, आणि मला वाटलं, पांढऱ्याचा अर्थ साऱ्या जगाला आमच्याच पुऱ्यासारखा कळतो.

अडीच-तीन वर्षं काही नाही. अर्जाला तारखांमागून तारखा. आम्ही एकच सांगत होतो: सिनेमा येणार आहे, पुरावा येणार आहे. कारकूनसुद्धा चेष्टेनं विचारायचा, "काय म्हणतो तुमचा सिनेमा?" पुऱ्यातल्या बायाही आशा धरून होत्या, हे मला विसरता येत नाही. आई पाण्यावर बसायला निघाली की म्हणायची, "यंदाच्या साली सुटंन म्हनतो पोट्टा."

आणि एक दिवस परदेशी तिकिटाचा जाड लिफाफा आला. हिंदीत, वाकड्या देवनागरीत पत्र: "भैया, हमारी फ़िल्म को इस साल का राष्ट्रीय पुरस्कार मिला है. सबसे अच्छा छोटा वृत्तचित्र. यह पुरस्कार आपके गाँव का है." सोबत बक्षीस-समारंभाच्या छापील पुस्तिकेच्या दोन प्रती. फ्रेंचमध्ये. त्यात पानभर फोटो: आई आणि तिच्यामागे पांढऱ्या लुगड्यांची ओळ, रिकाम्या घागरी, वर ऊन. काय फोटो होता! खोटं कशाला बोलू. माझी आई इतकी देखणी आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

शहाण्या माणसानं आधी ती पुस्तिका कुणाकडून तरी वाचून घेतली असती. मी चळवळीतला. आमच्यात आधी छापतात. दुसऱ्याच दिवशी वाशीमला जाऊन पत्रक छापलं: "आमच्या विहिरीला फ्रान्सचे राष्ट्रीय बक्षीस! भारत सरकार जागे होणार कधी?" कारंज्याचा आठवडी बाजार, स्टँड, कॉलेज, सगळीकडे वाटलं. आणि पुस्तिकेची एक प्रत अर्जासोबत पुरावा म्हणून तहसील कचेरीत दाखल केली, पोच घेऊन. तहसीलदारांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाले, "अभिनंदन. तालुक्याचं नाव झालं. पण हे वाचणार कोण? प्रमाणित मराठी भाषांतर आणा."

नागपूरला एका मिशनमध्ये म्हातारी फ्रेंच सिस्टर होती. चाळीस वर्षं तिथेच. मराठी आपल्यासारखी बोलायची. दुसरी प्रत घेऊन तिच्याकडे गेलो. तिनं चष्मा लावला, फोटो बराच वेळ पाहिला.

"या सगळ्या विधवा का रे, बाळा?"

"नाही. का?"

ती वाचून दाखवायला लागली. दुष्काळानं ज्यांचे पुरुष नेले अशा एका गावाच्या विधवा. कोरड्या विहिरीपाशी त्या रोज येऊन बसतात. विहिरीचा तळ दिसतो, भेगाळलेला. त्या बोलत नाहीत, त्यांना आता काही मागायचं उरलेलं नाही. त्या कशाची वाट पाहतात हे दिग्दर्शक सांगत नाही, आणि हेच त्याचं धैर्य. परीक्षकांनी या मौनाला एकमतानं बक्षीस दिलं.

"तळ?" मी म्हटलं. "कुठला तळ? आमच्या विहिरीचा तळ माझ्या आज्यानंही पाहिला नाही."

"दुसऱ्या विहिरीचा जोडला असेल," ती म्हणाली. "सिनेमात असं जोडतात म्हणे."

"आणि माझं भाषण?"

तिनं पुन्हा पान पाहिलं. "तू नाहीस रे यात."

तिनं दोन पानांवर स्वच्छ मराठीत सगळं लिहून दिलं, खाली सही, मिशनचा शिक्का. ती पानं खिशात घालून मी एसटीत बसलो. फ्रेंच वाचणारा माणूस आमच्या तालुक्यात एकही नव्हता. ही पानं खिडकीबाहेर सोडायची, आपणच एक भाषांतर लिहायचं, एखाद्या मित्राच्या कॉलेजचा शिक्का मारायचा. मूर्तिजापूरपर्यंत मी हेच करणार होतो. मसुदा मनात तयारही झाला. "अस्पृश्यतेचे विदारक चित्रण." मग लक्षात आलं, की मी तेच करतो आहे जे त्या दोघांनी केलं. दुसऱ्या विहिरीचा तळ जोडतो आहे.

घरी आल्यावर बायांना सगळं वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. वाचून झालं. पहिली काकू बोलली.

"म्हंजे खरी रांडकी मी, अन् मलेच बाभयीखाली बसवलं तू."

एक-दोघी हसल्या. आई हसली नाही. बाप दारात बसला होता. त्यानं नुसता आपल्या छातीवर हात ठेवून पाहिला, जित्ता आहे का म्हणून. ती चेष्टा होती, पण हसू कुणालाच आलं नाही.

आई म्हणाली, "मी बोलली होती तुले."

"हो, माय."

"बरं, हिरीचं काय लिव्हलं त्यात? वरून ओततात ते?"

"नाही लिहिलं."

"काहीच?"

"काहीच नाही."

मी खरं भाषांतर दाखल केलं. सोबत स्वतःचा खुलासा जोडला: सदर महिला विधवा नाहीत, त्यांचे पती हयात आहेत, विहीर कोरडी नाही, तिच्यात बारमाही पाणी आहे, सबब चित्रपटातील मजकूर चुकीचा आहे. दोन रात्री घासून लिहिला होता. गेल्या महिन्यात सुनावणी झाली. पोलीस पाटलाच्या बाजूच्या वकिलानं आवाजही चढवला नाही. माझं पत्रक काढलं, भाषांतर काढलं, खुलासा काढला आणि टेबलावर एकाखाली एक मांडले.

"साहेब, विवाहित स्त्रियांना कुंकू पुसून, पांढरं नेसवून परदेशी पाहुण्यांपुढे बसवणारे अर्जदारच. त्यावर बक्षीस मिळालं म्हणून पत्रक वाटणारेही तेच. आणि सिनेमा खोटा आहे असं लिहून देणारेही तेच. आम्ही काय बोलावं?"

तहसीलदारांनी मला विचारलं, "तुम्ही दाखल केलेला पुरावा खोटा आहे, असं तुम्हीच म्हणता?"

"सिनेमा खोटा आहे, साहेब. पाणी वरून ओततात हे खोटं नाही."

"ते यात कुठे दिसतं?"

मी फोटोकडे पाहिलं. बाया, घागरी, ऊन. ते त्यात कुठेच दिसत नव्हतं. न आलेल्या बाया फोटोत कशा दिसणार? अर्ज निकाली. पुराव्याअभावी, आणि अर्जदारानं दिशाभूल केल्याचा शेरा मारून. आता पुन्हा अर्ज केला तर आधी तो शेरा वाचला जाईल.

त्या बाईला मी हिंदीत कडक पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं. तिला फार दुःख झालं, असं लिहिलं आहे. फिल्म आता बदलता येत नाही, कारण बक्षीस त्याच फिल्मला मिळालं आहे. मला तिचा राग धरून ठेवायचा आहे, पण तो टिकत नाही. सारखा स्वतःवर येतो. बक्षीस देणाऱ्यांनी काय पाहिलं? जे मी बसवलं ते. मी आमच्या बायांना मान मिळावा म्हणून सजवलं, आणि नवऱ्यांसकट त्यांचं भांडणही पुसून टाकलं. आणि त्यांच्या न बोलण्याला बक्षीस! अरे, त्या जन्मभर बोलल्या, "बाई, घालता का घागरभर?" हे दिवसातून किती वेळा बोलल्या! त्या एका सकाळी तेवढ्या गप्प होत्या, कारण मागायला समोर कुणी नव्हतं.

परवा सकाळी मी आईच्या मागे विहिरीकडे गेलो. कशासाठी, मलाही माहीत नाही. लांब उभा राहिलो. तिनं लाल काठाचं लुगडं नेसलं होतं, कुंकू पूर्वी लावायची त्याच्या दुप्पट मोठं. उन्हं वर येईपर्यंत बसली. मग पाटलाच्या भावकीतली एक नवी सून आली, माझ्याहून लहान असेल. तिनं आपलं भरलं. मग बकेट उंच धरून आईच्या घागरीत ओतायला लागली. धार अगदी स्वच्छ दिसत होती. कुणाकडे कॅमेरा नव्हता.

ओतता ओतता सून म्हणाली, "काय वं, तू फ्रान्सच्या सिनेमात हायेस म्हने?"

आईनं घागर धारेखाली नीट सरकवली.

"नाई, बाई. त्या दुसऱ्या कोन्या बाया होत्या," ती म्हणाली. "त्यायचे मालक मेले होते."